शिंगराचा विमा : निवड आणि दक्षता

जालना–भोकरदन मार्गावरील राजूर हे गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक म्हणून महाराष्ट्रभर परिचित आहे. चतुर्थीला, विशेषतः अंगारकीला, येथे भाविकांची मोठी गर्दी लोटते. मात्र भोकरदन तालुक्याचे दैनंदिन जीवन शेती आणि पशुधन यांवरच उभे आहे. गाय, म्हैस आणि बैल यांचा विमा ग्रामीण भागात आता बहुतेकांच्या परिचयाचा झाला आहे. घोड्याचा विमा मात्र अद्याप फारसा रुजलेला नाही. वस्तुतः वरातीचा घोडा, टांग्याचा घोडा किंवा मेंढपाळाच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारे तट्टू हे त्या त्या कुटुंबाच्या उपजीविकेचे साधन असते. त्यातही शिंगरू विकत घेणारे कुटुंब वर्ष-दोन वर्षे केवळ खर्च करीत असते व उत्पन्नाची वाट पाहत असते. या काळात जनावर दगावल्यास खरेदीची रक्कम, चाऱ्याचा खर्च आणि भावी मिळकत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बुडतात. कर्ज काढून खरेदी केली असल्यास हप्ते मात्र चालूच राहतात.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. राजूर परिसरातील एका कुटुंबाने नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेतून दीड वर्षाचे शिंगरू ६०,००० रुपयांस आणले. त्याला पुढे वरातीसाठी तयार करण्याचा कुटुंबाचा विचार आहे. अशा कुटुंबाने विमा कसा निवडावा, याचा क्रमाने विचार करणे उपयुक्त ठरेल.

विम्याची वाटचाल

सर्वसाधारण विमा व्यवसायाच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९७२ साली झाला आणि १ जानेवारी १९७३ पासून हा व्यवसाय चार सरकारी कंपन्यांमार्फत चालू लागला. त्यानंतरच्या काळात पशुविमा ग्रामीण भागापर्यंत पोहोचला. २००५-०६ मध्ये केंद्र सरकारने देशातील १०० जिल्ह्यांत पशुधन विमा योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. २०१४-१५ पासून ती राष्ट्रीय पशुधन अभियानाचा भाग झाली. दुभत्या जनावरांप्रमाणेच घोडा, तट्टू, गाढव, खेचर आणि उंट या ओझ्याच्या जनावरांचाही या योजनेत समावेश आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या अभियानात महत्त्वाचा बदल मंजूर केला. त्यानुसार लाभार्थ्याने हप्त्याच्या केवळ १५ टक्के रक्कम भरावयाची असून उर्वरित रक्कम केंद्र व राज्य यांनी सर्वसाधारण राज्यांत ६०:४० या प्रमाणात उचलावयाची आहे.

उदाहरणातील शिंगराची विमा रक्कम ६०,००० रुपये धरली आणि हिशेब समजण्यापुरता वार्षिक दर ५ टक्के मानला, तर पूर्ण हप्ता ३,००० रुपये होतो. योजनेचा लाभ मिळाल्यास कुटुंबाला ४५० रुपये भरावे लागतील. उरलेल्या २,५५० रुपयांपैकी १,५३० रुपये केंद्राचे व १,०२० रुपये राज्याचे असतील. म्हणून खासगीरीत्या विमा उतरविण्यापूर्वी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तीन प्रश्न विचारावेत: चालू वर्षी तालुक्यात योजना सुरू आहे काय, तिच्यासाठी कोणती कंपनी नेमली आहे, आणि या वयाचे शिंगरू तीत बसते काय. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. प्रत्येक विमापत्रात किमान व कमाल वय दिलेले असते. कमी वयाच्या शिंगराचे वय वाढवून लिहिल्यास विमा मिळेल, परंतु भरपाई मिळणार नाही.

वय आणि ओळख

घोड्याचे वय दातांवरून ठरविता येते. समोरच्या दुधाच्या दातांपैकी मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी, तिच्या शेजारची साडेतीन वर्षांनी आणि कडेची साडेचार वर्षांनी पडून त्या जागी कायमचे दात येतात. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होते. त्यामुळे विक्रेत्याच्या शब्दापेक्षा पशुवैद्यकाचा दाखला अधिक विश्वसनीय ठरतो.

ओळखीचा प्रश्न याहून नाजूक आहे. विमा उतरविलेले जनावर आणि मेलेले जनावर एकच होते हे सिद्ध करावे लागते. गुरांच्या कानात बिल्ला मारण्याची पद्धत सर्वत्र आहे. घोड्याच्या बाबतीत त्वचेखाली बसविण्याची मायक्रोचिप अधिक सोयीची असून योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत दोन्ही पद्धती मान्य आहेत. याखेरीज शरीरावरील खुणांची सविस्तर नोंद करून घ्यावी. कुमैत, अबलख, नुकरा, सब्जा असे रंग, कपाळावरील चांद, पायांचे पांढरे मोजे आणि अंगावरील भोवरे यांची आपल्याकडे फार बारकाईने पारख होते. भोवऱ्यांवरून शुभाशुभ पाहण्यास शास्त्रीय आधार नाही, परंतु भोवऱ्याची जागा जन्मभर बदलत नसल्याने ओळख पटविण्यासाठी तिचा उत्तम उपयोग होतो. सब्जा घोड्याचा रंग वयाबरोबर पांढरा होत जातो, म्हणून केवळ रंगाची नोंद अपुरी पडते. मालकासह एक आणि बिल्ला किंवा खुणा स्पष्ट दिसतील असे दुसरे, अशी छायाचित्रे काढून ठेवावीत. बिल्ला गळून पडल्यास त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवून नवा बसवून घ्यावा. ओळख नाही तेथे भरपाई नाही, हा या व्यवहाराचा कणा आहे.

विमा कशाचा असतो, कशाचा नसतो

सर्वसाधारण पशुविमा हा मृत्यूचा विमा आहे. अपघात, आग, वीज, पूर आणि विमा काळात जडलेला रोग यांमुळे जनावर दगावल्यास भरपाई मिळते. औषधोपचाराचा खर्च त्यातून मिळत नाही. जनावर जिवंत राहिले, पण कायमचे निकामी झाले, तर त्यासाठी जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घ्यावे लागते. तरुण घोड्याच्या बाबतीत हा जादा हप्ता विचारात घेण्यासारखा आहे, कारण पाय कायमचा अधू झालेला घोडा जिवंत असूनही कामाचा राहत नाही.

विमापत्रातील वगळलेल्या बाबी आधी वाचाव्यात व मगच सही करावी. विमा सुरू होण्यापूर्वीचा आजार किंवा इजा, पहिल्या १५ दिवसांत जडलेला रोग, हेळसांड, अतिरिक्त ओझे, अकुशल उपचार, चोरी आणि परस्पर विक्री यांसाठी सहसा भरपाई मिळत नाही. नमूद केलेल्या कामाव्यतिरिक्त अन्य कामासाठी जनावर वापरल्यासही दावा अडचणीत येतो. ‘पाळण्यासाठी’ असे लिहून घेतलेले शिंगरू पुढे वरातीत, टांग्याला किंवा शर्यतीत वापरले, तर कंपनीची लेखी संमती आवश्यक ठरते. नराचे खच्चीकरण करावयाचे असल्यास त्या शस्त्रक्रियेतील मृत्यू विम्यात येतो काय, हेही आधीच विचारून घ्यावे.

येथे आणखी एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. राजूरसारख्या तीर्थक्षेत्राच्या गर्दीत किंवा वरातीतील वाद्यांच्या आवाजाने तरुण घोडा बुजला आणि त्याच्या लाथेने कोणी जखमी झाले, तर घोड्याच्या मृत्यूचा विमा त्या जखमी व्यक्तीस काहीही देत नाही. त्यासाठी दायित्वाचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. घोडा पुरेसा शिकलेला नसताना त्याला गर्दीत न नेणे हा त्यावरील पहिला उपाय होय.

किंमत ठरविणे

विमा रक्कम म्हणजे जनावराचा प्रचलित बाजारभाव. तो मालक, पशुवैद्यक आणि विमा प्रतिनिधी यांनी मिळून ठरवावयाचा असतो. किंमत फुगवून सांगण्यात लाभ नाही. मृत्यूपूर्वीचा बाजारभाव आणि विमा रक्कम यांपैकी जी कमी असेल तीच मिळते, हप्ता मात्र अधिक भरावा लागतो. कमी सांगितल्यास नुकसानीचा काही भाग अंगावर पडतो. शिंगराची किंमत त्याच्या वाढीबरोबर आणि शिक्षणाबरोबर चढत असते. दीड वर्षाचे असताना ६०,००० रुपयांस घेतलेले शिंगरू चांगले तयार झाल्यावर बरेच महाग होऊ शकते. तीन वर्षांच्या विम्यात दरवर्षीच्या नूतनीकरणाची कटकट वाचते, पण वाढत्या किमतीनुसार रक्कम वाढविण्याची सोय आहे की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे. तशी सोय नसल्यास शिंगरासाठी वर्षाचा विमा घेऊन दरवर्षी नवे मूल्यांकन करणे अधिक हिताचे ठरते.

रोग आणि प्रतिबंध

विमा हा निगेला पर्याय नव्हे. घोड्याला धनुर्वाताचा धोका मोठा असतो, खिळ्याची लहानशी जखमही घातक ठरू शकते. म्हणून प्रतिबंधक लस वेळेवर टोचावी. पोटशूळ हे घोड्यांच्या मृत्यूचे नेहमीचे कारण आहे. चाऱ्यात अचानक बदल, अपुरे पाणी आणि पोटातील जंत यांमुळे तो उद्भवतो. चावणाऱ्या माशांमुळे सरा रोग पसरतो. ग्लँडर्स हा रोग तर माणसालाही होऊ शकतो. २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगविषयक कायद्यानुसार त्याची माहिती देणे बंधनकारक असून बाधित जनावर नष्ट करावे लागते. सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने जनावर नष्ट केल्यास विमा लागू होतो काय, याचे उत्तर कंपनीकडून लेखी घ्यावे. माळेगाव किंवा सारंगखेडा येथील यात्रेतून जनावर आणताना त्याच्या रक्ततपासणीचा आणि आरोग्याचा दाखला मागावा व घरी आणल्यावर काही दिवस त्याला इतर जनावरांपासून वेगळे बांधावे. लस, जंतनाशक आणि उपचार यांच्या तारखांची वही ठेवल्यास हेळसांडीच्या आक्षेपाला आपोआप उत्तर मिळते.

मृत्यू झाल्यास

जनावर दगावताच कंपनीला तत्काळ कळवावे, पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्यावे आणि त्यापूर्वी शव पुरू नये. योजनेखालील दाव्यासाठी कंपनीला दिलेली सूचना, विमापत्र, दावा अर्ज आणि शवविच्छेदन अहवाल ही चार कागदपत्रे अपेक्षित आहेत. कानात बिल्ला असल्यास तोही जपून ठेवावा. कागदपत्रे पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा, असा योजनेचा दंडक आहे. दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. प्रथम कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, तेथे समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. विमा काळात घोडा विकल्यास कंपनीला कळवून विमा नव्या मालकाच्या नावे करता येतो. तसे न केल्यास विकणाऱ्यालाही लाभ नाही आणि घेणाऱ्यालाही नाही.

ग्रामपंचायतीचे कार्य

विम्याची निवड शेवटी एका साध्या प्रश्नावर येऊन ठरते: हे जनावर उद्या गेले, तर कुटुंब स्वतःच्या शिलकीतून दुसरे आणू शकेल काय? ज्याला ते शक्य नाही, त्याला हप्ता जड वाटला तरी विमा अधिक गरजेचा आहे. परंतु अशाच कुटुंबापर्यंत योजनेची माहिती सर्वांत उशिरा पोहोचते. मेंढपाळ कुटुंबे तर वर्षाचा बराच काळ गावाबाहेर असतात. ग्रामपंचायतीने ग्रामसभेत योजनेचे वाचन करावे, घोडे व तट्टू असलेल्या कुटुंबांची यादी पशुवैद्यकीय दवाखान्याकडे द्यावी आणि मेंढपाळ गावी परततात त्या दिवसांत नोंदणीचे शिबिर ठेवावे. शिक्षकांनी विमापत्रातील अटी पालकांना मराठीत समजावून सांगितल्या, तर न वाचता केलेल्या सह्या टळतील. एवढे साधले तरी एका शिंगराच्या मृत्यूने एखादे घर कर्जात बुडण्याचा प्रसंग बऱ्याच अंशी टाळता येईल.