पाणचक्की : एक परिसर-पाठ

(इयत्ता ४ थी ते ७ वी, परिसर अभ्यास, विज्ञान व गणित यांचा समवाय)

मेहरूणच्या मुलास तलाव ठाऊक असतो, घरच्या अडगळीत पडलेले जातेही ठाऊक असते; परंतु त्या पाण्याचा या जात्याशी काही संबंध असू शकेल, हे त्याच्या मनात सहसा येत नाही. तो संबंध उलगडून दाखविणे हाच या पाठाचा हेतू होय. केवळ सनावळी व नावे पाठ करून घेतल्यास हा हेतू साध्य होणार नाही.

पूर्वतयारी : शाळेत एक जाते आणावे. प्रत्येक विद्यार्थ्याने पाच मिनिटे ज्वारी दळावी व निघालेले पीठ तोलावे. हा अनुभव मुलग्यांनाही अवश्य द्यावा. हात भरून आले म्हणजे, घरातील आजी पहाटे उठून रोजचे दळण कसे उरकीत असतील, हे न सांगता कळते. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी अशाच घरकामात व शेतकामात स्फुरली आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, हे येथे सांगावे. मग प्रश्न विचारावा : ‘हे जाते माणसाच्या हाताविना फिरेल काय?’

विषय-प्रतिपादन : जळगावहून अजिंठा, सिल्लोड, फुलंब्री या मार्गाने सुमारे १६० किलोमीटर गेले म्हणजे हर्सूल ओलांडून छत्रपती संभाजीनगर लागते. २०२३ पर्यंत या शहराचे अधिकृत नाव औरंगाबाद असे होते. मलिक अंबराने १६१० च्या सुमारास खडकी येथे हे नगर वसविले आणि नहर बांधून तेथे पाणी खेळविले. पुढे इतरही नहरी झाल्या. त्यांपैकी एका नहरीवर, खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजालगत पाणचक्की उभी आहे.

सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचा हा परिसर सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत आकारास आला. येथील चक्कीवर यात्रेकरू, फकीर व वाटसरू यांच्यासाठी धान्य दळले जाई. भुकेल्यास भाकरी मिळावी, हे या यंत्राचे मूळ प्रयोजन होते.

हर्सूल-जटवाड्याच्या बाजूच्या डोंगरभागातील पाणी जमिनीखालील भाजक्या मातीच्या नळांतून सुमारे ६ किलोमीटर अंतर तोडून येथे आणले. उगम उंचावर असल्यामुळे पंपावाचून ते उंच भिंतीत चढविता आले. तेथून ते कोसळे व पाती असलेल्या चाकावर आदळे. चाकाबरोबर त्याचा कणा फिरे आणि कण्याबरोबर जात्याची वरची तळी. अंगणातील लांबट हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. म्हणून ते दालन उन्हाळ्यातही थंड राहते. जवळच बेगमपुरा ही जुनी वस्ती व बीबी का मकबरा आहे. एका नहरीच्या आधाराने दर्गा, चक्की, बाग व वस्ती कशी नांदते, हे नकाशा काढून दाखवावे.

अशी चक्की हे एकाच देशाचे वैशिष्ट्य नव्हे. इंग्लंडमध्ये १०८६ साली झालेल्या मोजणीत सुमारे ६,००० चक्क्यांची नोंद आहे. आपल्या खानदेशात पांझरा नदीवर बंधारे घालून पाटाने पाणी नेणारी फड पद्धतीही उताराच्याच बळावर चालत आली. चक्कीने उताराकडून दळण करून घेतले. फडाने भिजवण करून घेतली.

प्रयोग : (१) पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन्ही टोके वर धरावीत. एक टोक खालीवर केले तरी दोन्हीकडील पाणी एकाच पातळीत राहते. नहरीचे पाणी भिंतीत का चढले, याचे उत्तर विद्यार्थ्यांनीच द्यावे. (२) बटाट्यात पत्र्याची पाती खोचून आरपार काडी घालावी व तांब्याने धार धरावी. धार प्रथम वितीवरून, नंतर हातभर उंचीवरून सोडावी. चाकाच्या वेगातील फरक नोंदवावा. पत्र्याच्या कडा शिक्षकांनी आधी बोथट कराव्यात.

गणित : दर सेकंदास १० लिटर पाणी ३ मीटरवरून पडते असे धरू. १ लिटर पाण्याचे वजन १ किलोग्रॅम; म्हणून १० × ३ = ३०. सेकंदास ७५ किलोग्रॅम वजन १ मीटर उचलण्याची शक्ती म्हणजे १ अश्वशक्ती. यावरून ३० ÷ ७५ = ०.४ अश्वशक्ती. यातील काही भाग घर्षणात खर्च होतो, हेही सांगावे.

क्षेत्रभेट : मेहरूण तलावावर विद्यार्थ्यांस न्यावे, पाण्याच्या कडेस कोणास जाऊ देऊ नये. पाणी कोठून येते, सांडवा कोठे जातो, काठावर कोणती झाडे व कोणाचे व्यवसाय आहेत आणि पाण्यात घाण कोठून मिसळते, याची नोंद गटवार करावी.

समारोप : पाणचक्कीच्या नहरीची वाट शहर वाढत गेले तशी बांधकामांखाली दबत गेली. नळ फुटला की हौद सुकतो, आणि हौद सुकला की चाक केवळ पाहण्यापुरते उरते. वास्तू दुरूस्त करणे सोपे असते. पाण्याची वाट मोकळी राखण्यास मात्र सबंध गावाचे ध्यान लागते. मेहरूणच्या तलावासही हाच न्याय लागू आहे. आपल्या तलावात येणारी एकेक वाट विद्यार्थ्यास नकाशावर बोटाने दाखविता आली, तर हा पाठ पुरा झाला असे शिक्षकांनी समजावे.