टेपमधला आवाज : व्हीएचएस कॅसेटपासून डीव्हीडीपर्यंत

मम्मी-पप्पांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आमच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत पडून होती. लग्न १९९९ सालचं, इथं बेळगावातलंच. माझे आजोबा माझ्या जन्माआधीच वारले. घरात त्यांचे फोटो आहेत, पण आवाज मी कधी ऐकला नव्हता. यंदा आजीला कमी ऐकू येऊ लागलं, तेव्हा म्हटलं आता हे काम पुढे ढकलायचं नाही. ते करताना जे शिकले (आणि जे चुकले) ते मंडळाच्या वाचकांसाठी लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. व्हीएचएस ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणली. प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कणांचा थर असतो आणि चित्र-आवाज त्या थरात साठवलेले असतात. कॅसेट नुसती ठेवली तरी हा थर हळूहळू कमजोर होतो. त्यात आपल्याकडचा पावसाळा! ओलीमुळे टेपवर बुरशी धरते. शिवाय ती वाजवायचं यंत्रही आता दुर्मिळ झालंय. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी फुनाईने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं.

पहिला धडा : घाई करू नका. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी समजा आणि कॅसेट आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. तशीच घातली तर व्हीसीआरचं हेड घाण होतं आणि पुढच्या कॅसेटलाही ती घाण लागते. कॅसेटच्या कडेला एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते, ती मोडून टाका. म्हणजे चुकून वर दुसरं रेकॉर्डिंग होणार नाही. मग टीव्हीवरून टेप केलेला एखादा जुना सिनेमा घालून यंत्र तपासा. मी हे केलं नाही. उसना आणलेला व्हीसीआर थेट लग्नाच्या कॅसेटवर चालवला आणि त्याने टेप गिळली! मम्मी चर्चमध्ये शिरते तो भाग चुरगळला, तो परत आला नाही. मम्मी एवढंच म्हणाली, "बाकीचं तरी नीट कर."

दुसरा धडा : जोडणी. व्हीसीआरमधून निघणारी पिवळी वायर चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. त्या एका छोट्या यूएसबी कॅप्चर उपकरणात जातात आणि ते लॅपटॉपला जोडायचं. काही व्हीसीआरना लाल भोकच नसतं, कारण आवाज मोनो असतो. मग हेडफोनमध्ये एकाच कानात ऐकू येतं. घाबरू नका, सॉफ्टवेअरमध्ये मोनो निवडलं की काम होतं. रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर मी वापरलं. सेटिंगमध्ये पॅल निवडा : सेकंदाला २५ चित्रं, आकार ७२० बाय ५७६. भारतातल्या बहुतेक घरगुती कॅसेट पॅलच्याच असतात.

तिसरा धडा : वेळ. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, पेनड्राइव्हसारखी कॉपी होत नाही. मध्येच लॅपटॉप झोपी गेला तर सगळं पहिल्यापासून. माझा दोनदा झोपला.

चौथा धडा आपल्या पाठ्यक्रमातला आहे. पाठचिकित्सेत आपण शिकतो की मूळ प्रतीत हात घालायचा नाही, दुरुस्त्या वेगळ्या प्रतीत करायच्या. इथंही तसंच. जशी उतरली तशी फाइल जपून ठेवायची, काटछाट तिच्या दुसऱ्या प्रतीवर करायची आणि डीव्हीडी त्या प्रतीवरून बनवायची. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, म्हणजे चांगल्या दर्जाचं सुमारे दोन तासांचं चित्रण. तीन तासांसाठी दोन डिस्क घ्या. डिस्क उन्हात, उकाड्यात ठेवू नका. घरी लिहिलेल्या डिस्कमधला रंगाचा थर उन्हाने खराब होतो. म्हणून एक प्रत हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या कुणाच्या घरी हवीच.

फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' आठवून पाहा. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा त्याच्या तीन आवृत्त्या गोव्यात छापल्या गेल्या, पण त्यांतली एकही छापील प्रत आज हाती नाही. तो ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे. एकाच पेटीत ठेवलेली गोष्ट त्या पेटीबरोबर जाते.

आता आजोबांचं सांगते. रिसेप्शनला ते माइकवर बोलताना दिसतात, चांगली दोन-तीन मिनिटं. पण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे स्टुडिओवाल्याने त्यावर सिनेमाचं गाणं चढवलं होतं! ओठ हलतात आणि ऐकू येतं गाणं. मी खूप वेळ तशीच बसून राहिले. वाटलं, एवढं करून हाती काय आलं?

कॅसेटच्या शेवटी रोसचा भाग होता. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाला नारळाचं दूध लावतात तो. त्यावर गाणं नव्हतं. गर्दीत, कॅमेऱ्याच्या मागून, एक मोठा आवाज येतो : "अगं, पोरांना आधी जेवायला वाढा की!" एवढंच, जेमतेम चार सेकंद.

आवाज कुणाचा ते मला कळलं नाही. आजीला हेडफोन लावून दाखवलं. तिने परत लाव म्हणून खूण केली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकून म्हणाली, "हळू बोलायला त्यांना कधी जमलंच नाही."

ती चार सेकंद मी वेगळी काढून ठेवली आहेत, तीन ठिकाणी. मूळ कॅसेटही टाकलेली नाही. तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर या सुट्टीत खाली काढा. कॅसेटमध्ये कोण कोण आहे ते घरातल्या मोठ्यांना आत्ताच विचारा आणि फाइलच्या नावात वर्ष, गाव, नावं लिहून ठेवा. आवाज ओळखणारी माणसं असेपर्यंतच हे काम पुरं होतं.