व्यायामजन्य भ्रम व हृल्लास : श्रमश्वास-धारणाच्या अंगाने विचार

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग वसलेल्या शहरांतील चिकित्सालयांत अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकू येते : वजन उचलताना डोळ्यांपुढे अंधारी येते, घेरी येते, मळमळते. रुग्ण बहुधा विशी-तिशीतला व दिसावयास सुदृढ असतो. घरचे त्यास अशक्तपणा म्हणतात, व्यायामशाळेतील मित्र सवय नसल्याचे सांगतात आणि रुग्णाची अपेक्षा एखाद्या बल्य कल्पाची असते. असा कल्प देऊन त्याची पाठवणी करणे सोपे आहे. परंतु ह्याच लक्षणामागे बहुतेकदा साधी चूक, तर क्वचित प्राणावर बेतणारा हृद्विकार असतो. म्हणून येथे हेतुभेदाचा विचार करू.

शास्त्राधार

अतिव्यायामाने होणाऱ्या विकारांत चरकाचार्यांनी श्रम, क्लम, तृष्णा यांबरोबर छर्दीची गणना केली आहे (सूत्रस्थान 7). सुश्रुताचार्यांनी छर्दीसह भ्रमाचाही स्पष्ट उल्लेख केला आहे (चिकित्सास्थान 24). त्याच प्रकरणात जेवण झालेला, तहानलेला व भ्रमाने पीडित असलेला मनुष्य व्यायामास वर्ज्य ठरविला आहे. भ्रमाच्या उत्पत्तीत रज, पित्त व वात यांचा संबंध सांगितला आहे, हेही येथे ध्यानी घ्यावे.

एवढ्यावर बहुतेक विवेचने थांबतात. परंतु चरकसंहितेच्या त्याच सातव्या अध्यायात, अधारणीय वेगांच्या प्रकरणात, आणखी एक हेतू स्वतंत्रपणे आला आहे. श्रमामुळे लागलेला श्वास हा तेरा वेगांपैकी एक असून तो रोखल्यास गुल्म, हृद्रोग व संमोह होतात, असे तेथे म्हटले आहे. उपचार म्हणून विश्राम व वातघ्न क्रिया सांगितल्या आहेत. अतिव्यायाम आणि श्रमश्वास-धारण हे दोन हेतू शास्त्राने निराळे मानले आहेत. आपणही ते निराळे तपासले पाहिजेत.

संप्राप्ती

जड बारबेल उचलताना मनुष्य नकळत श्वास कोंडून पोट व छाती ताठ करतो. इटालियन शारीरतज्ज्ञ व्हाल्साल्व्हा यांनी 1704 साली कानाविषयीच्या ग्रंथात वर्णिलेल्या कृतीवरून आधुनिक वैद्यक ह्या क्रियेस त्यांचे नाव देते. कोंडलेल्या श्वासाने छातीतील दाब वाढतो व हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा ओघ घटतो. वजन खाली ठेवून श्वास सोडताच रक्तदाब काही क्षण एकदम उतरतो, मेंदूस रक्त कमी पोचते आणि अंधारी येते. कॅनडातील मॅकडूगल व सहकाऱ्यांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पायांनी जड वजन रेटताना शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीतील दाब थेट मोजला. त्याची सरासरी 320/250 मि.मी. पर्यंत गेली होती. एवढा चढ आणि त्यामागोमाग उतार, हाच प्रतिलोम झालेल्या वायूचा प्रत्यक्ष आविष्कार मानण्यास हरकत नाही.

हृल्लासाची संप्राप्ती वेगळी आहे. तीव्र व्यायामात, विशेषतः मांड्यांसारख्या मोठ्या स्नायूंच्या व्यायामात, रक्त स्नायूंकडे वळते व पचनसंस्थेकडील ओघ घटतो. पोटात नुकतेच घेतलेले अन्न असेल तर ते तसेच पडून राहते आणि मळमळ होते. पोट रिकामे असेल तर बल टिकत नाही. घाम, कंप व फिकटपणा दिसतो.

आपल्या भागातील हेतू

बदलापूरहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे अंतर सुमारे 68 किलोमीटर आहे. पहाटेची लोकल गाठणारा नोकरदार रात्री परतून, चहा व वडापाव एवढ्यावर, थेट व्यायामशाळेत जातो. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार पाळी संपवून, तर उल्हासनगरमधील दुकानदार दुकान मिटवून तेथे पोचतो. तिघांचाही अर्धा दिवस श्रमात गेलेला असतो, पाणी कमी प्यायलेले असते व निद्रा अपुरी असते. व्यायामापूर्वी घ्यावयाच्या पावडरींपैकी अनेकांत कॅफिनचे प्रमाण मोठे असते. त्यानेही धडधड व मळमळ होते. रुग्णास डबा सोबत आणावयास सांगून त्यावरील घटक स्वतः वाचावेत.

अर्धशक्तीने व्यायाम करावा हा नियम सर्वांस पाठ असतो. परंतु शक्ती रोज सारखी नसते, हे विसरले जाते. प्रवासाने थकलेल्या दिवशी बल कमी, म्हणून बलार्धही कमी. हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे, ही बलार्धाची खूण सुश्रुतांनी दिली आहे. कपाळ, नाक व काखांत घाम आणि तोंडास कोरड या परंपरेने सांगितलेल्या खुणाही रुग्णास समजावून द्याव्यात. ऋतूचाही विचार हवा. वाग्भटांनी ग्रीष्मात व्यायाम व वर्षाऋतूत आयास वर्ज्य सांगितला आहे. पत्र्याच्या छपराखालील कोंदट व्यायामशाळेत मे-जून महिन्यांत जानेवारीइतकेच वजन उचलणे युक्त नव्हे.

व्यवच्छेदक निदान

लक्षण केव्हा आले, हा पहिला प्रश्न विचारावा.

1. वजन ठेवताच किंवा उभे राहताच काही क्षण अंधारी आली : श्रमश्वास-धारणाचा विचार करावा.

2. व्यायाम पुष्कळ झाल्यावर मळमळ, घाम व थकवा आला : अतिव्यायाम, आहारकाल व जलक्षय पाहावे.

3. बेंचवर आडवे होताना किंवा मान वळविताना भोवतालचे फिरू लागले : अंतःकर्णाच्या विकाराचा विचार करावा.

4. व्यायामशाळेबाहेरही घेरी येते : पांडुता, रक्तदाब, रक्तशर्करा व चालू औषधे तपासावीत.

5. व्यायाम चालू असतानाच शुद्ध हरपली, छातीत दुखले, हृदयाची गती अनियमित झाली, किंवा कुटुंबात तरुण वयात अकस्मात मृत्यू घडला आहे : व्यायाम तत्काळ बंद करून हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठवावे. हृदयालेख व प्रतिध्वनी-चित्रण झाल्याविना पुन्हा अनुमती देऊ नये.

अकस्मात उठलेली असह्य डोकेदुखी, एका अंगाची दुर्बलता, उष्म्यात बरळणे किंवा व्यायामानंतर गडद तपकिरी मूत्र, यांपैकी काहीही आढळल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे. अशा वेळी औषधयोजनेत वेळ दवडणे हा अपराध होय.

चिकित्सा

तात्कालिक : वजन सोडवावे, कमरेचा पट्टा सैल करावा, उताणे निजवून पाय उंच करावेत व वारा घालावा. वांती होत असल्यास कुशीवर वळवावे. पूर्ण शुद्ध असल्यासच घोट घोट पाणी द्यावे. रुग्ण बेशुद्ध असून श्वास नीट चालत नसेल तर छातीवर दाब देण्यास तत्काळ आरंभ करावा.

आहार-औषध : चरकोक्त श्रमहर गणात द्राक्षा, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, फल्गू, फालसा, ऊस, जव व साठेसाळी ही दहा द्रव्ये आहेत. त्यांतील डाळिंब व जव छर्दिनिग्रहण गणातही आले आहेत. म्हणून रिकाम्या पोटी येणाऱ्यास व्यायामापूर्वी थोडा खजूर किंवा मनुका, आणि नंतर डाळिंबाचा रस अथवा साळीच्या लाह्यांचे पाणी देणे सयुक्तिक ठरते. मधुमेही रुग्णात मात्र तारतम्य ठेवावे. पूर्ण जेवण व व्यायाम यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे. पित्तानुबंध स्पष्ट असल्यास लघुसूतशेखर किंवा कामदुधा यांची योजना करता येते. तथापि लक्षण दाबून वजन वाढवीत राहण्यासाठी ती नाही, हे बजावून सांगावे.

श्वासविधी : वजन वर नेताना श्वास सोडावा, खाली आणताना घ्यावा. ज्या वजनास श्वास कोंडल्याविना हलविता येत नाही ते वजन त्या रुग्णासाठी जड समजावे. मोठा सेट झाल्यावर खिळून उभे न राहता हळूहळू चालावे. शेवटी अंगमर्दन व विश्राम. तालमीतील मल्ल हे आजही पाळतात.

समारोप

फार मोठा भार वाहणे ही कृती चरकाचार्यांनी शोषाच्या निदानात साहस या सदरात घातली आहे. साहस आणि व्यायाम यांतील सीमा वजनाच्या आकड्याने ठरत नाही; ती उचलणाऱ्याच्या त्या दिवशीच्या बलाने ठरते. भ्रम आणि हृल्लास ही ती सीमा ओलांडल्याची सूचना आहे. अशा रुग्णास औषध लिहून देण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : शुद्ध हरपली होती काय, श्वास कोंडला होता काय, आणि शेवटचे अन्न केव्हा घेतले. यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर पुढचे दोन विचारण्याआधी संदर्भपत्र लिहावे.