गावच्या नळाचे पाणी शेवटच्या तोटीपर्यंत निर्धोक कसे राहील?

पावसाळ्याचा आरंभ आणि पेरणीची घाई ही दोन्ही एकाच वेळी येतात. नेमक्या याच दिवसांत अतिसार, हगवण, कावीळ आणि विषमज्वर यांचा उपद्रव खेड्यात वाढतो. घरातील कर्ता माणूस आठ दिवस अंथरुणास खिळला, तर हातचा वाफसा निघून जातो आणि त्या वर्षीचे पीक मागे पडते. घरात तान्हे मूल असेल तर एका रात्रीच्या जुलाबानेही त्याच्या जिवावर बेतते. या रोगांचे जंतू बहुतांशी पिण्याच्या पाण्यावाटे पोटात जातात, ही गोष्ट आता सर्वांस ठाऊक आहे.

पूर्वी खेड्यातील लोक आडाचे अथवा ओढ्याचे पाणी पीत. आता बहुतेक गावांत नळ आले आहेत. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घरास नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. नळामुळे स्त्रियांच्या डोक्यावरचा हंडा उतरला, ही मोठीच सोय झाली. परंतु पाणी नळातून येते म्हणून ते शुद्धच असते, ही समजूत बरोबर नाही. टाकीतून निघताना चांगले असलेले पाणी घरी पोहोचेपर्यंत दूषित होऊ शकते. यास्तव पाण्याची परीक्षा केवळ टाकीपाशी करून भागत नाही. ती गावातील शेवटच्या तोटीपाशी केली पाहिजे.

पाणी वाटेत कसे बिघडते?

गावातील नळास चोवीस तास पाणी क्वचितच असते. सकाळी तास-दोन तास पाणी सोडतात आणि मग व्हॉल्व्ह बंद करतात. पाणी चालू असताना नळीत दाब असतो. त्या वेळी नळीस कोठे चीर असली तर पाणी बाहेर गळते. बाहेरची घाण आत येत नाही. परंतु व्हॉल्व्ह बंद झाला की सखल भागातील तोट्यांवाटे नळी रिकामी होऊ लागते व आत ओढ निर्माण होते. मग ज्या चिरेतून सकाळी पाणी बाहेर जात होते, त्याच चिरेतून दुपारी गटाराचे पाणी आत शिरते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटताच ती घाण प्रथम घरांत येते.

हा दोष वाढविणाऱ्या तीन गोष्टी बहुतेक गावांत आढळतात. पहिली, नळाचा खड्डा. उंचावरील घरांस पाणी कमी येते म्हणून लोक जमिनीत खड्डा खणतात आणि नळी खाली कापून तेथे भांडे लावतात. या खड्ड्यात सांडपाणी साचते, आणि पुरवठा बंद होताच ते उघड्या नळीवाटे आत ओढले जाते. दुसरी गोष्ट, नळीस थेट जोडलेली विजेची मोटार. मोटार पाण्याबरोबर आसपासच्या चिरांतील घाणही ओढते आणि पुढील घरांचे पाणी तोडते. तिसरी, तोटी नसलेला नळ. तोटी नसली म्हणजे पाणी वाया जाऊन दाब कमी होतो; दाब कमी झाला म्हणजे पुढच्या घरास खड्डा खणावासा वाटतो. अशा रीतीने एकाच्या हयगयीची शिक्षा साऱ्या आळीस भोगावी लागते.

व्हॉल्व्हच्या चेंबरकडेही लक्ष हवे. पुष्कळ ठिकाणी चेंबरवर झाकण नसते आणि आत चिखल साचलेला असतो. व्हॉल्व्हची गळती व हा चिखल एकत्र आल्यास साऱ्या गावाचे पाणी दूषित होण्यास वेळ लागत नाही.

टीसीएल भुकटी व तिचे प्रमाण

पाणी निर्जंतुक करण्यासाठी ग्रामपंचायती टीसीएल भुकटी वापरतात. ताज्या व चांगल्या भुकटीत सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. एक हजार लिटर पाण्यास ५ ग्रॅम भुकटी, हे साधारण प्रमाण धरतात. म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीस २५० ग्रॅम भुकटी लागते. पाणी गढूळ अथवा घाण असेल तर हे प्रमाण पुरत नाही, कारण क्लोरीनचा पुष्कळसा भाग त्या घाणीतच खर्च होतो.

भुकटी कोरडी टाकू नये. प्लास्टिकच्या बादलीत थोडे पाणी घालून तिची पातळ लापशी करावी, मग आणखी पाणी घालून ढवळावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. चुना तळाशी बसला की वरचे निवळ टाकीत सोडावे. खालचा गाळ टाकीत टाकू नये. टाकी भरत असतानाच निवळ टाकल्यास ते चांगले मिसळते. त्यानंतर निदान अर्धा तास पाणी सोडू नये. जंतू मरण्यास वेळ लागतो. औषध टाकले आणि लगेच व्हॉल्व्ह उघडला, तर पहिल्या आळीतील लोकांस क्लोरीनचा वास मिळेल, परंतु संरक्षण मिळणार नाही. हे काम करताना नाकातोंडास फडके बांधावे व हातमोजे घालावेत.

भुकटी ही धान्यासारखी साठवून ठेवण्याची वस्तू नव्हे. ऊन, ओल व हवा लागली की तिच्यातील क्लोरीन उडून जातो. पोते उघडे राहिले तर आत केवळ चुना उरतो आणि पंचायत मोठ्या श्रद्धेने रोज टाकीत चुना टाकीत राहते. म्हणून वर्षाचा साठा एकदम न घेता थोडा थोडा घ्यावा, तो घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावा आणि डब्यावर खरेदीची तारीख लिहावी. भुकटीचा नमुना अधूनमधून प्रयोगशाळेकडे पाठवावा. २० टक्क्यांच्या खाली क्लोरीन गेलेली भुकटी वापरू नये.

शेवटच्या तोटीची परीक्षा

जंतू मारल्यानंतरही थोडा क्लोरीन पाण्यात शिल्लक राहिला पाहिजे. हा शिल्लक क्लोरीन म्हणजे वाटेत पाण्याबरोबर चालणारा राखणदार होय. भारतीय मानकानुसार (आय. एस. १०५०० : २०१२) तोटीच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. तो पाहण्यासाठी ग्रामपंचायतीकडे तपासणी संच असतो. काचनळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले की ओटी पद्धतीत पिवळा, तर नव्या डीपीडी पद्धतीत गुलाबी रंग येतो. तो रंग संचातील पट्टीशी ताडून पाहावा. ओटी पद्धतीत रंग ताबडतोब पाहावा. उशीर झाल्यास तो गडद होतो आणि फसवे समाधान मिळते. तपासलेले पाणी पिऊ नये व औषध हातास लागू देऊ नये.

ही तपासणी रोज पाणी सुटल्यावर तीन ठिकाणी करावी : टाकीजवळ, गावाच्या मध्यभागी आणि सर्वांत लांबच्या तोटीपाशी. तिन्ही आकडे वहीत लिहावेत. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा महिन्याची वही अधिक सांगते.

आकड्यांवरून दोष कसा शोधावा?

टाकीजवळच क्लोरीन नसेल, तर औषध कमी पडले, भुकटी मेली अथवा ते टाकलेच गेले नाही, असे समजावे. दोष औषधात आहे. नळी खणण्याचे कारण नाही.

टाकीजवळ क्लोरीन पुरेसा आहे, परंतु गावाच्या टोकास तो सर्वत्र नाहीसा झाला असेल, तर टाकीच्या अथवा मुख्य नळीच्या तळाशी गाळ साचला असण्याचा संभव असतो. टाकी उपसून घासावी, नळी धुवावी आणि मगच औषधाचे प्रमाण वाढवावे.

सर्व गावात क्लोरीन ठीक असून एकाच आळीत तो एकाएकी नाहीसा झाला, तर ती धोक्याची खूण आहे. त्या आळीत कोठे तरी नळी फुटून गटाराचे पाणी आत येत आहे, असे धरून चालावे. त्याच दिवशी त्या आळीचा पुरवठा थांबवून टँकरने पाणी द्यावे, घरोघरी पाणी उकळून पिण्यास सांगावे आणि गटाराखालून गेलेली नळी प्रथम तपासावी. आजारी माणसे मोजून मग गळती शोधणे म्हणजे चोरी झाल्यावर कुलूप लावणे होय. तपासणीची वही नीट ठेवली तर आजारापूर्वीच गळती कळू शकते.

क्लोरीनच्या मर्यादा

क्लोरीन हा शेवटचा अडसर आहे. उगमाची घाण तो एकटा थोपवू शकत नाही. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेतून पाणी घेण्याच्या जागी नजफगड नाल्याचे सांडपाणी शिरले. क्लोरीनची मात्रा वाढविण्यात आली होती, त्यामुळे विषमज्वर व हगवण फारशी वाढली नाही. तरीही सुमारे २९,००० लोकांस कावीळ झाली. ती ई प्रकारच्या काविळीच्या विषाणूमुळे झाली होती, हे पुढे साठविलेल्या नमुन्यांवरून उघड झाले. यावरून लहान गावानेही धडा घ्यावा. विहिरीपासून शौचालयाचा खड्डा व उकिरडा निदान १५ मीटर दूर असावा. विहिरीस कठडा असावा, भोवती पाणी साचू नये, तेथे जनावरे व कपडे धुऊ नयेत.

काही दोषांवर तर क्लोरीनचा मुळीच उपाय चालत नाही. शेतात टाकलेले जादा नत्रखत व उकिरड्याचा निचरा यांमुळे पाण्यात नायट्रेट वाढते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट तान्ह्या मुलांस घातक असते. पाणी उकळल्याने ते कमी होत नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत फ्लोराइडचा आणि अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्षारांचा त्रास जुना आहे. हे दोष डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, आणि जंतूंची तपासणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी दोनदा प्रयोगशाळेत करून घ्यावी.

घरात घ्यावयाची काळजी

नळाचे पहिले काही मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरू नये; ते सडा, भांडी अथवा झाडे यांस वापरावे. पिण्याचे पाणी दुहेरी फडक्याने गाळून झाकणाच्या भांड्यात भरावे, ते उंचावर ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. माठात हात बुडविला की टाकीपासून केलेले सारे श्रम फुकट जातात. पाण्यास औषधाचा वास येतो, अशी तक्रार पुष्कळ जण करतात आणि त्यांच्या आग्रहास्तव काही गावांत औषध टाकणे बंदही होते. ही फार मोठी चूक आहे. रुंद तोंडाच्या भांड्यात, वर स्वच्छ फडके टाकून पाणी थोडा वेळ ठेवले की वास उडून जातो. तो हलका वास म्हणजे राखणदार आपल्या घरापर्यंत पोहोचल्याची खूण आहे.

जबाबदारी कोणाची?

औषध टाकणे व वही ठेवणे हे जलसुरक्षकाचे काम. परंतु तो एकटा सारे गाव सांभाळू शकत नाही. ग्रामपंचायतीने भुकटी वेळेवर आणावी, टाकी धुण्याची तारीख टाकीवर रंगवावी आणि गळतीची दुरुस्ती पुढच्या सभेपर्यंत ढकलू नये. ग्राम कार्यकर्त्यांनी बचत गटातील स्त्रियांस तपासणी शिकवावी. घरचे पाणी त्याच भरतात, तेव्हा त्यातील फरकही त्यांनाच प्रथम कळतो. शेतकऱ्याने आपल्या नळास तोटी बसवावी, खड्डा बुजवावा, नळीची मोटार काढावी आणि पाणीपट्टी वेळेवर भरावी. भुकटी तिच्यातूनच येते. शाळेच्या फळ्यावर अथवा चावडीवर रोजचा शेवटच्या तोटीचा आकडा लिहिण्याचा प्रघात पाडल्यास सर्वांचेच लक्ष राहील.

गावातील शेवटचे घर बहुधा गरिबाचे असते. दाब कमी, पाणी उशिरा आणि घाण अधिक, असा त्याचा वाटा असतो. त्या घराच्या तोटीस निर्धोक पाणी येऊ लागले, म्हणजे गावाच्या नळाचे काम खऱ्या अर्थाने पुरे झाले असे समजावे.