विषाद, अस्वप्न आणि सर्पगंधा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंचविसाव्या अध्यायातील अग्र्यसंग्रहात, रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. त्याच स्थानाच्या विसाव्या अध्यायात ८० वातज नानात्मज विकारांची गणना आहे. तीत विषाद आणि अस्वप्न ही दोन्ही नावे येतात. विद्यार्थिदशेत हे सारे मुखोद्गत केलेले असते. चिकित्सालयात मात्र अस्वप्न तेवढा नजरेस पडतो आणि विषाद निसटतो.

याचे कारण रुग्णाच्या निवेदनातच आहे. 'मी खिन्न आहे' असे सहसा कोणी सांगत नाही. भूक नाही, अंग दुखते, पोट साफ होत नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, असे तो सांगतो. त्यावर दीपन-पाचन देणे अयोग्य नव्हे. शरीर व मन परस्परांचे अनुवर्तन करतात, हे शारीरस्थानात सांगितलेच आहे. परंतु मन किती दिवसांपासून उदास आहे, आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत गोडी उरली आहे काय, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. ही अवस्था दोन आठवडे वा अधिक काळ, जवळजवळ रोज व बहुतांश दिवस टिकून असेल आणि जोडीला निद्रा, क्षुधा, बल व एकाग्रता यांत बिघाड, अपराधीपणा वा मरणाचे विचार असतील, तर आधुनिक वैद्यक ज्यास 'डिप्रेशन' म्हणते त्याचा विचार करावा. पांडुरोग व थायरॉइडची मंदता यांचीही तपासणी करून घ्यावी.

आता मुख्य मुद्दा. झोपेसाठी सर्पगंधा देण्याची रीत जुनी आहे. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाबातील तिच्या उपयोगावर लिहिले. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिचा गुण जगापुढे मांडला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. पुढे काही वर्षांतच, रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काही रुग्णांत खिन्नता आल्याची निरीक्षणे प्रसिद्ध होऊ लागली. रेसर्पिनमुळे चेतातंतूंच्या टोकांशी सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन व डोपामिन यांचा साठा राहत नाही व तो हळूहळू रिता होतो. हा संबंध प्रारंभी वाटला तितका दृढ नसावा, असे अलीकडील काही परीक्षणे म्हणतात. तरीही विषादाच्या रुग्णास ते वर्ज्य मानले जाते, आणि संपूर्ण मूळ वापरले तरी त्यात रेसर्पिन असतेच. म्हणून ज्याचा अस्वप्न विषादजन्य आहे, त्यास सर्पगंधा देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे अभ्यंग, शिरोधारा, अश्वगंधा, ब्राह्मी आणि सत्त्वावजय हाच मार्ग. व्याधी तीव्र असल्यास मानसरोगतज्ज्ञाचे साहाय्य घ्यावे.

औषधी विक्रेत्यांची जबाबदारी येथे मोठी आहे. 'झोपेची आयुर्वेदिक गोळी द्या' असे म्हणणारा ग्राहक ती निरुपद्रवी समजून मागतो. रक्तदाब व निद्रेच्या अनेक मिश्रकल्पांत सर्पगंधा असते. वेष्टनावरील घटक वाचून, ग्राहक खिन्नतेसाठी अन्य औषधे घेतो काय हे विचारावे आणि वैद्यांच्या चिठ्ठीविना असे कल्प देऊ नयेत. तज्ज्ञांनी दिलेली ती औषधे 'आता आयुर्वेदिक सुरू केले' म्हणून एकाएकी बंद करावयास कोणीही सांगू नये.

मरणाचे विचार येतात काय, हे रुग्णास सरळ विचारावे. विचारल्याने ते बळावत नाहीत. उत्तर होकारार्थी आल्यास नातेवाइकांना बोलावून त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे आणि घरात कीटकनाशके वा गोळ्यांचा साठा हाती लागणार नाही असे पाहण्यास सांगावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चिकित्सालयात व दुकानात दर्शनी भागी लावून ठेवावा.