सर्वांत कमी दर, तरी काम दुसऱ्याला?

प्रश्न : सरकारी निविदेत सर्वांत कमी दर भरणाऱ्यालाच काम द्यावे लागते का? अटीत न बसणाऱ्याला काम दिले गेले, तर दाद मागता येते का?

उत्तर : दर सर्वांत कमी म्हणजे काम आपलेच, हा ठेकेदारांमधला समज अर्धाच खरा आहे. बहुतेक मोठ्या निविदा दोन लिफाफ्यांच्या असतात. आधी तांत्रिक लिफाफा उघडतो. अनुभव, उलाढाल, बयाणा रक्कम यांच्या छाननीत जे टिकतात, त्यांचेच दर पाहिले जातात आणि ‘एल-वन’, म्हणजे सर्वांत कमी दर भरणारा, त्यांच्यातूनच ठरतो. पुरेसे कारण असेल तर खाते सगळ्याच निविदा फेटाळून फेरनिविदा काढू शकते. दर उघडल्यानंतरच्या घासाघिशीला मात्र केंद्राचे सामान्य वित्तीय नियम, 2017 जवळजवळ मज्जाव करतात. अपवाद म्हणून ती झालीच, तर फक्त एल-वनशी.

निविदाधारकाला हक्क आहे तो समान वागणुकीचा. तो पक्का झाला मुंबई विमानतळावरच्या एका उपाहारगृहावरून. 1977 साली तिथले दुसऱ्या दर्जाचे रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार चालवण्यासाठी निविदा निघाली. अट होती : किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला, नोंदणीकृत दुसऱ्या दर्जाचा हॉटेलचालक. काम मिळाले ते कॅन्टीन चालवण्याचा अनुभव असलेल्या, पण या दर्जात न बसणाऱ्याला. रमणा दयाराम शेट्टी खटल्यात (1979) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की स्वतः जाहीर केलेली अट विमानतळ प्राधिकरणाला डावलता येत नाही. अट सैल होणार हे ठाऊक असते, तर इतरांनीही निविदा भरल्या असत्या. त्यांची ती संधी हुकली, आणि इथेच राज्यघटनेतील समानतेच्या अनुच्छेद 14 चा भंग होतो.

तरीही कंत्राट रद्द झाले नाही! अर्जदार शेट्टी पाच महिन्यांहून अधिक उशिराने न्यायालयात आला होता, तोवर ठेकेदाराने तयारीवर बराच खर्च केला होता, आणि अर्जदाराला खटल्याच्या निकालात खरोखर रस आहे हेही न्यायालयाला पटले नाही. तत्त्व जिंकूनही पदरात काही पडले नाही.

प्रत्येक अट इतकी कडक नसते. पोद्दार स्टील प्रकरणात (1991) बयाण्यासाठी रोकड किंवा स्टेट बँकेचा ड्राफ्ट मागितला होता. आला युनियन बँकेने प्रमाणित केलेला धनादेश. ही आनुषंगिक अट आहे, ती शिथिल करता येते, असे न्यायालयाने ठरवले. पात्रतेच्या मूळ अटीला अशी सवलत सहसा मिळत नाही. शिवाय टाटा सेल्युलर निकालापासून (1994) न्यायालये निर्णयाची प्रक्रिया तपासतात. कोणाची निविदा सरस, हे स्वतः ठरवायला बसत नाहीत.

अट एखाद्याच्याच मापाने शिवलेली वाटत असेल, तर हरकत निविदापूर्व बैठकीत लेखी नोंदवावी. निविदा भरून हरल्यावर त्याच अटीविरुद्ध केलेली तक्रार क्वचितच टिकते. निविदा नाकारली गेल्यास कारण लेखी मागावे. केंद्राच्या नियमांनुसार विचारणा झाल्यावर ते सांगणे खात्याला बंधनकारक आहे. उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली रिट याचिका करायची असेल, तर ती कार्यादेश निघण्यापूर्वी व्हावी.