आजींची गोळ्यांची पिशवी

गेल्या महिन्यात सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना त्यांची सून दवाखान्यात घेऊन आली. पहाटे लघवीला उठल्या आणि चक्कर येऊन पडल्या होत्या. हाड मोडले नाही, हे नशीब. बसवून आणि उभे करून रक्तदाब मोजला, तर उभे राहताच तो एकदम खाली येत होता. मी म्हटले, "सूनबाई, घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या उद्या घेऊन या."

पिशवीतून अकरा प्रकारच्या गोळ्या निघाल्या. त्यांत रक्तदाबावरचे अ‍ॅम्लोडिपिन दोन वेगवेगळ्या नावांनी होते. एक शहरातल्या तज्ज्ञांनी दिलेले आणि दुसरे, सांगायला संकोच वाटतो, मीच दिलेले. आजी आणखी कोणाकडे जातात का, हे मी विचारलेच नव्हते.

स्वातंत्र्याच्या वेळी आपले सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होते; आज ते सत्तरीच्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक देशात सुमारे ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. २०५० पर्यंत देशात दर पाच माणसांत एक ज्येष्ठ असेल, असा अंदाज आहे.

साथीचे रोग, बाळंतपण, लसीकरण यांभोवती आपली आरोग्यव्यवस्था उभी राहिली. म्हातारपणाचे दुखणे मात्र एकटे येत नाही. मधुमेह, रक्तदाब, गुडघे, विसरभोळेपणा असे सारे हातात हात घालून येतात आणि प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा असतो. त्यातच वयोमानाने मूत्रपिंडाचे काम मंदावते आणि काही औषधे अंगात जास्त वेळ रेंगाळतात. २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरीपुढील सर्वांना रुग्णालयात दाखल झाल्यास वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. ती हवीच. पण पिशवीतल्या गोळ्यांचा मेळ घालण्याचे काम घरी आणि गावच्या दवाखान्यातच व्हायचे आहे. उद्याच्या वैद्यकसेवेची खरी परीक्षा तिथेच आहे.

वाचकहो, घरातल्या ज्येष्ठांसाठी एवढे करा. सर्व औषधांची एकच वही ठेवा आणि ती प्रत्येक डॉक्टरांना दाखवा. दर सहा महिन्यांनी सगळी पिशवी एका डॉक्टरांसमोर रिकामी करा. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. अंथरुणातून उठताना आधी दोन मिनिटे बसावे, मगच उभे राहावे. रात्री मोरीच्या वाटेवर दिवा असू द्यावा.

शहरातल्या डॉक्टरांशी बोलून आजींच्या गोळ्या अकरावरून सातवर आणल्या. आता नवा रुग्ण आला, की नाडीला हात लावण्याआधी मी पिशवी मागतो.